खेकडी मरत नाही

खेकडी पिल्लं घालताना मरत नाही. पिल्लं तिचं पोट फाडत नाहीत आणि तिला खातही नाहीत. अंडी ती पोटाखालच्या झडपेत धरून ठेवते. अंडी तिथंच फुटतात, पिल्लं काही दिवस तिथंच चिकटून राहतात, मग एकेक उतरून जातात आणि आई आपली दगडाखाली जगत राहते. हे मला माझ्या नातीनं दाखवलं, ती शाळेत जाणारी पोर होती तेव्हा. मी ते पाहिलं आणि खोटं पाडलं. आज ती हट्टा गावात सासरी आहे, पोटुशी आहे, आणि पोटातल्या लेकराला भिऊन तिनं जेवण सोडलं होतं. तिला जे सांगून आलो तेच गावासाठी लिहितो आहे, कारण तिच्यासाठी ‘खेकडीचं’ हा शब्द गावाच्या तोंडात मीच घातला.

आमच्या भागात पावसाच्या तोंडी ओढ्याच्या कडेला खेकड्यांची रिकामी कवचं सापडतात. डोळे, पाय, नांग्या सगळं जागच्या जागी. मागून तेवढं उघडलेलं आणि आत काही नाही. त्याच दिवसांत पाण्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लंही दिसतात. लोकांनी दोन्हीचा मेळ घातला, पिल्लांनी आईला आतून खाल्लं असं ठरवलं. ज्या लेकराची आई बाळंतपणात जाते त्याला मग ‘खेकडीचं’ म्हणतात. म्हणणाऱ्याला त्यात काही वाईट बोललो असं वाटत नाही.

मी नोकरी केली ती गुरांच्या दवाखान्यात. कागदावर व्रणोपचारक, लोकांच्या तोंडी ड्रेसर, आणि वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरच. मोठे डॉक्टर चार गावं फिरायचे, दवाखान्यात बहुतेक मीच असायचो. अडलेल्या गाई-म्हशी सोडवल्या, खांद्यापर्यंत हात घालून आडवी वासरं सरळ केली. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. त्या नमस्कारांनी माझं जे झालं ते पुढं सांगतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझी एकुलती लेक आमच्याकडं आली होती. दुपारी मुलगी झाली. लेकरू ठणठणीत. वार मात्र पडली नाही, आतच राहिली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, “दवाखान्यात न्या.” शेजाऱ्याची जीप समोरच उभी होती. मी ओट्यावर बसून होतो. म्हणालो, “गाईची वार बारा-बारा घंटे पडत न्हाई. आमी हात बी लावत न्हाई. घाई केली की जनावर जातं. पडंल.”

बायको दारात आली. “ती गाय न्हाई,” म्हणाली.

“तुला जास्त कळतं का? रोज कोन करतं हे काम?”

ती आत गेली. परत एकदा आली, तेव्हा दारातच उभी राहिली. मी तिच्याकडं न बघता, एका अडलेल्या म्हशीचं वासरू मी कसं फिरवलं ते शेजाऱ्याला सांगत राहिलो. ऊन उतरायला लागलं आणि आतलं अंथरूण भिजायला लागलं. तेव्हा कुठं तिला जीपमध्ये घातलं, आणि जीप सेनगावच्या दवाखान्याच्या अलीकडंच होती तेव्हा लेक गेली.

माणसं जमली. जावयाचा बाप माझे खांदे धरून विचारत होता, “इवाई, झालं तरी काय? सुटका तर चांगली झाली म्हनले.” सगळे माझ्याकडं बघत होते. बायकोही बघत होती. मी लुगड्यात गुंडाळलेल्या त्या लेकराकडं बोट केलं आणि म्हणालो, “खेकडीचं निघालं. मायला खाऊन आलं.”

तेवढं पुरलं. वारेचं कुणी विचारलं नाही. जीप किती वेळ उभी होती तेही नाही. बायका त्या लेकराकडं बघून तोंडाला पदर लावायला लागल्या. जावयानं दुसरं लग्न केलं आणि पोर आमच्याकडंच राहिली.

तिला मी वाढवलं असं लोक म्हणतात. खायला-प्यायला कमी केलं नाही, हे खरं. पण हाक मारताना मी म्हणायचो, “ए खेकडे, पानी आन.” हसत म्हणायचो, म्हणजे ऐकणाऱ्याला लाड वाटावा. शाळेतल्या पोरांनी ते उचललं. ती रडत आली की मी म्हणायचो, “खोटं थोडीच म्हनतेत?” बायको भाकरी थापता थापता थांबायची. मी तिच्याकडं नजर टाकली की थापायला लागायची. ती हे सगळं मनात घेऊनच गेली, पण ते नंतर.

एका उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, पोर ओढ्याच्या डोहातून पातेलंभर खेकडे घेऊन आली.

“काहून आनले ग?” आजीनं विचारलं.

“पाळायला.”

“खेकडं कुनी पाळतं का? आन इकडं, रस्सा टाकते.”

“आधी मला बगू दे.”

“काय बगतीस त्यात?”

“माय मरती का ते.”

आजीनं पातेलं परत तिच्या हातात दिलं आणि आत गेली.

परसात निळा ड्रम आडवा कापून केलेली एक टाकी होती, पूर्वी त्यात पेंड भिजवायचो. पोरीनं ती घासली, वाळू टाकली, एका बाजूला विटा रचून कोरडी जागा केली, दुसरीकडं बोटभर पाणी. पहिल्या दिवशी सगळे खेकडे एकत्र सोडले तर सकाळी एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडात होते. मग तिनं बाकीचे ओढ्यावर सोडून दिले आणि तीनच ठेवले. पाणी रोज बदलायची, नाहीतर घाण वास सुटतो. भाकरीचा तुकडा, उकडलेला भात, ओल्या जागेतलं गांडूळ, बाजारातून कधी मासळीचं डोकं, असं टाकायची आणि उरलेलं काढून घ्यायची.

खेकडा धरायचा कसा तेही ती आपलं आपण शिकली. मागून, पाठीच्या दोन्ही कडांना बोटं लावून. तिथं नांगी पोचत नाही. उलटा केला की पोटावर एक झडप दिसते. नराची अरुंद, खाली रुंद आणि वर टोकदार, त्रिकोणी. मादीची मात्र गोल, पोटभर पसरलेली. मी इतक्या जनावरांची पोटं तपासली, खेकड्याचं कधी उलटून बघितलं नव्हतं. पोर मला दाखवायला यायची आणि मी म्हणायचो, “जा, हात धू.”

दिसायला तिघंही सारखेच, काळपट तपकिरी. ओळखू यावेत म्हणून तिनं आधी पाठीवर कुंकू लावलं, ते धुऊन गेलं. मग जवळच्या गोरेगावच्या बाजारातून बांगडीवालीकडून लाल नेलपॉलिश आणलं. मोठ्या नराला दोन टिपके. तो कायम सगळ्यात वरच्या विटेवर बसायचा, म्हणून त्याचं नाव सरपंच. एक पाय तुटलेला लहान नर होता, तो लंगडा. त्याला टिपका लावायची गरज नव्हती. मादीला एकच टिपका, बरोबर मधोमध, कपाळाला लावावा तसा. तिला ती बाई म्हणायची.

शेजारी कुंपणावरून विचारायचा, “सरपंच हायेत का घरी?”

“हायेत. पन बोलत न्हाईत.”

“मंग खरेच सरपंच हायेत. भाकर खाल्ली का त्यायनं?”

“लंगड्याची बी खाल्ली.”

“बराबर. वळखलं मी.”

परसात हसणं ऐकू आलं की मला तकलीफ व्हायची. खोटं कशाला सांगू.

एक दिवस सरपंच मेला. दोन टिपक्यांचं कवच पाण्यात पडलेलं, मागून उघडं, आत रिकामं. पोर टाकीशी बसून रडली. मग पुरायला म्हणून तिनं ते उचललं, आणि विटेच्या सांदीत आणखी एक सरपंच बसलेला दिसला. अंगावर टिपके नाहीत, रंग फिका, आणि अंग पाण्यात भिजलेल्या भाकरीसारखं मऊ. ती ओरडत माझ्याकडं आली.

“आबा, सरपंचानं कापडं बदलली! सगळी! डोळ्याची बी!”

“असंल.”

“आबा, वढ्यावर पडलेली असतेत ना, ती मेलेली खेकडी न्हाई. ती कापडं हायेत.” ती थांबली. मला तिचा चेहरा आठवतो, गणित सुटल्यावर पोरांचा होतो तसा. “मंजी कोनी कोनाला खाल्लंच न्हाई.”

सापाची कात मला माहीत होती. खेकड्याचीही तीच गत असणार हे कळायला मला तिच्याइतका वेळसुद्धा लागला नाही.

पुढं बाईनं अंडी धरली. झडप फुगली, कडेनं नारिंगी दाणे दिसायला लागले. पोर तिला हात लावेना, नुसती बसून राहायची. काही दिवसांनी दाणे काळपट झाले, आणि एका सकाळी तिनं मला हाताला धरून टाकीशी नेलं. बाईला उचललं, अलगद उलटी केली, झडप बोटानं जराशी उघडली. आत पिल्लं वळवळत होती. पुरे खेकडे, नांग्यांसकट. पोरीनं तिला वाळूवर ठेवलं. बाईनं भाकरीचा तुकडा नांगीत धरला आणि खायला लागली.

“बगा. जेवून राहिली,” पोर म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “आबा, खेकडी मरत न्हाई. मंग माझी माय कशानं मेली?”

दहा माणसांत कुणी विचारलं नाही ते त्या पोरीनं विचारलं. बायको धुणं पिळत होती, तिचे हात थांबले.

“अजून टाइम हाय,” मी म्हणालो. “थांब. खातेत का न्हाई बग.”

पिल्लं उतरली. टाकीभर झाली. लंगडा आणि सरपंच त्यांना खातील म्हणून पोरीनं दोघांना ओढ्यावर नेऊन सोडलं. बाई पिल्लांच्या मधून फिरत होती, धडधाकट. पोरीनं ठरवलं की शाळा उघडली की बाईला आणि पिल्लांना घमेल्यात घालून न्यायचं, शाळेतल्या मास्तरीणबाईंना दाखवायचं, सगळ्या वर्गाला दाखवायचं. रोज सांगायची. आजीला सांगायची, शेजाऱ्याला सांगायची. शेजारी म्हणायचा, “व्हय का? मंग आपुन उगंच म्हनत होतो म्हना की.” आणि माझ्याकडं बघायचा. बहुतेक सहजच बघत असेल. मला तसं वाटत नव्हतं. ज्या दिवशी गाव मानील की खेकडी मरत नाही, त्या दिवशी गाव पुढचं विचारील. त्या पुढच्याचं उत्तर ओट्यावर बसलेलं होतं.

शाळा उघडायला थोडेच दिवस होते. बायको शेतात खुरपायला गेली होती, पोर गिरणीवर. मी टाकीशी गेलो. पाण्यात कवच पडलं होतं, एक लाल टिपका बरोबर मधोमध. मागून उघडलेलं. पिल्लं त्याच्यावर चढली होती, आत शिरत होती, कडा कुरतडत होती. टाकलेलं कवचही खेकडे खातात, हे पोरीनं सरपंचाच्या वेळी सांगितलं होतं.

मी विटा उचलल्या. तिसऱ्या विटेखाली बाई होती. बिनटिपक्याची, मऊ. मी तिला धरलं तेव्हा तिनं नांगी वर केली आणि माझं बोट पकडलं. चिमटा बसलाच नाही. ओल्या चिंधीनं धरावं तसं वाटलं. मी तिला कोंबड्यांत टाकलं. कोंबड्या धावल्या. एकीनं नांगी तोडून पळवली, बाकीच्यांनी उरलेलं ओढलं. मऊ असल्यामुळं आवाजही झाला नाही. मी विटा होत्या तशा रचल्या, हात धुतला आणि बाजेवर येऊन बसलो.

पोर पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आली. डबा ठेवला आणि सरळ टाकीकडं गेली.

“आबा! बाईनं बी कापडं बदलली!”

ती आनंदली होती. हे मी लिहायला नको होतं असं कुणाला वाटेल, पण लिहायचं ते याच्यासाठीच. ती हसत हसत विटा काढायला लागली. पहिली. दुसरी. सगळ्या काढून बाजूला मांडल्या. मग वाळू हातानं चाळली. मग पिल्लं घमेल्यात काढून ड्रम पालथा केला. मग परसात, तुळशीमागं, चुलीच्या राखेत, न्हाणीच्या मोरीत. तोपर्यंत हसू गेलं होतं.

“आबा, कोंबड्या आल्या व्हत्या का हिकडं?”

“न्हाई. मी हितंच बसून हाय सकाळपासून.”

“मंग बाई कुटं गेली?”

“कुटं जाईल. ते काय पडलंय तिचं.” मी घमेल्याकडं बोट केलं. कवचही तिनं त्यातच ठेवलं होतं आणि पिल्लं त्याला लागलेली होती. “बग तूच. लेकरायनं खाल्ली. मी म्हनलं व्हतं.”

ती घमेल्याशी उकिडवी बसली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं टाकीतली एक वीट उचलली आणि घमेल्यातल्या पिल्लांवर मारली. परत मारली. ओरडत नव्हती, रडत नव्हती. जी कडेला पळाली ती बोटानं मधे ओढून आणली. मी तिला थांबवलं नाही. घमेल्याला पोचा पडला, तरी ती मारत होती. शेवटी कवचाचाही भुगा झाला, टिपक्यासकट.

शाळेत तिनं काही नेलं नाही. पुढं कुणी खेकडी म्हटलं की ती म्हणायची, “व्हय. हाय मी.” पोरांची मजा गेली, त्यांनी सोडून दिलं. ती मोठी झाली, कमी बोलायची, कामाला चोख. बायको गेली तेव्हा तिनंच सगळं केलं. मी लग्न लावून दिलं, माणसं चांगली मिळाली.

मध्यंतरी नातजावयाचा फोन आला. “आबा, तुमी येता का? ती जेवून न्हाई राहिली. ताकदीच्या गोळ्या दिल्या तर थुकून देती. डाक्टर रागावले. म्हनती, ह्याला वाढवलं की हे मला खाईल. लेकरू नकोच म्हनती. मायचं काय झालं व्हतं तिच्या? आमाला नीट कोनी सांगितलंच न्हाई.”

जीपनं हिंगोली, तिथून बस. हट्ट्याला त्यांच्या अंगणात हळद वाळत पडली होती. ती सावलीला बसून होती. हातात बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या इतकी वाळलेली. सासू शेजारी हळद निवडत होती.

“काहून आले, आबा?” ती म्हणाली.

मी सासूसमोरच सांगितलं. कोंबड्यांचं सांगितलं. वाटेत मी पुष्कळ शब्द जुळवले होते, त्यातला एकही कामाला आला नाही.

ती जमिनीकडं बघत होती. “कोनत्या विटेखाली व्हती?”

“तिसऱ्या.”

“मऊ व्हती?”

“व्हय.”

“तिनं पकडलं का तुमाला?”

“पकडलं. लागलं न्हाई.”

तिनं मान हलवली, जणू तेवढंच तपासायचं होतं. “आता मायचं सांगा. आसंच सांगा.”

मी सांगितलं. वार, जीप, बारा घंटे. सासूच्या हातातली हळद खाली पडली. “आगं माय! गाईवानी बसवलं व्हय लेकीला?”

नात मात्र दुसऱ्याच गोष्टीवर थांबली. तिला ते कळणार हे मला इतकी वर्षं माहीत होतं, म्हणूनच त्या दुपारचा एक शब्द मी घरात निघू दिला नव्हता.

“मंजी मी झाल्यावर माय जित्ती व्हती.”

“व्हय.”

“किती टाइम?”

“दुपार सगळी.”

“मला बगितलं का तिनं?”

“मांडीवर घेतलं. पाजलं.”

“माय मला पाजली?”

“दोनदा.”

“काय म्हनली?”

“म्हनली, हिचं नाक माझ्यावानी हाय. अन् तुझ्या आजीला म्हनली, हिचे हात पाय मोजून बग, बराबर हायेत का.”

हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, की एवढा वेळ होता तर तुम्ही काय करत होता. त्यासाठी आजीला गप्प बसवलं होतं. आईनं पाजलं होतं एवढंसुद्धा मी त्या पोरीला दिलं नाही.

ती उठली. मला वाटलं रडेल, किंवा मारेल. तसं काही झालं नाही. भिंतीला धरून ती चुलीपाशी गेली.

“मामी, भाकर हाय का?” तिनं सासूला विचारलं.

सासू धावत गेली. भाकर, पिठलं, कांदा, जे होतं ते वाढलं. ती माझ्याकडं पाठ करून बसली आणि जेवायला लागली. पहिला घास घशात अडला, पाणी प्यायली, परत खाल्लं. दुसरी भाकर मागून घेतली. सासू डोळे पुसत माझ्यासाठी ताट घ्यायला उठली.

“त्यायला नगा वाढू,” ती खाता खाता म्हणाली. “त्यायची बस हाय.”

बसला अजून बराच वेळ होता. मी उठलो.